एका प्रांताची जीएम बंदी आणि बांधावरचा प्रश्न

१३ मार्च २००३ रोजी ऑस्ट्रिया सरकारने आपल्या अप्पर ऑस्ट्रिया या प्रांताच्या एका कायद्याचा मसुदा युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाकडे पाठवला. प्रांताला आपल्या हद्दीत जनुकीय सुधारित म्हणजे जीएम बियाण्यांच्या लागवडीवर सरसकट बंदी घालायची होती. सहा महिन्यांच्या आत आयोगाने नकार दिला आणि चार वर्षांत युरोपच्या दोन न्यायालयांनी तो नकार उचलून धरला. तरीही पुढे आणखी काही वर्षांनी ऑस्ट्रियाला जवळपास तेच मिळाले, आणि तेही नवा शास्त्रीय पुरावा न देता. हे कसे झाले, कुठल्या वळणावर कोणी काय ठरवले, त्याची ही मांडणी. यातले निर्णय संस्थांचे आहेत, म्हणून व्यक्तींची नावे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अप्पर ऑस्ट्रिया हा देशाच्या उत्तरेकडचा प्रांत. राजधानी लिंत्स. पश्चिमेला जर्मनीचे बव्हेरिया, उत्तरेला चेक प्रजासत्ताक, मधून डॅन्यूब वाहते. शेते लहान, एकमेकांना लागून, आणि त्यात सेंद्रिय शेतकरी बरेच. युरोपात सेंद्रिय शेतीचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत ऑस्ट्रियाची गणना तेव्हाही होत होती.

जीएमविरोधी जनमत तिथे आधीपासूनच तयार होते. १९९७ मध्ये जनुक तंत्रज्ञानाविरुद्धच्या जनयाचिकेवर १२ लाखांहून अधिक मतदारांनी सह्या केल्या होत्या. इतक्या छोट्या देशात हा आकडा कुठल्याही पक्षाला दुर्लक्षून चालणारा नव्हता. केंद्र सरकारने १९९७ ते २००० या काळात बीटी १७६, एमओएन ८१० आणि टी २५ या तीन जीएम मक्यांवर एकेक करून बंदी घातली होती. युरोपीय पातळीवर मंजुरी मिळालेल्या वाणाला एखादा देश तात्पुरता थांबवू शकतो, त्या संरक्षक तरतुदीखाली या बंद्या होत्या.

१२ मार्च २००१ रोजी युरोपीय संघाने जीएम सजीव पर्यावरणात सोडण्याबाबतचा नवा निर्देश २००१/१८, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना लागू होणारा सामायिक नियम, संमत केला. प्रत्येक जीएम वाणाचे पर्यावरणीय जोखीम मूल्यमापन कसे करायचे, हे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात पायरीपायरीने सांगितले आहे. वाणात अपाय करू शकेल असे काय आहे ते ओळखायचे, अपाय झालाच तर त्याचे परिणाम किती गंभीर असतील ते पाहायचे, तो होण्याची शक्यता किती ते ठरवायचे, या दोन्हींवरून जोखीम काढायची, ती आटोक्यात ठेवण्याचे उपाय सुचवायचे आणि शेवटी एकूण जोखमीचा निर्णय द्यायचा. हे सगळे प्रत्येक वाणासाठी स्वतंत्रपणे: ते वाण, त्यातला तो गुणधर्म, त्याचा तो वापर आणि ज्या परिसरात ते जाणार तो परिसर. या शेवटच्या वाक्यात पुढच्या सगळ्या प्रकरणाची मेख आहे.

अडचण

प्रांताची खरी काळजी बांधावरची होती. शेजाऱ्याने जीएम पीक घेतले आणि त्याचे परागकण सेंद्रिय शेतकऱ्याच्या पिकात आले, तर त्या शेतकऱ्याचा माल सेंद्रिय म्हणून विकला जाईल का? युरोपच्या सेंद्रिय नियमांत जीएम वापराला मनाई आहे. शेते लहान असली की दोन पिकांमध्ये अंतर राखणे अवघड होते. एकाने शंभर मीटर पट्टा मोकळा सोडायचा म्हटले, तर दुसऱ्याचे अर्धे शेत त्यातच जाते.

पीक कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. मक्याचे परागकण वाऱ्याने जातात, पण जड असल्याने बहुतेक जवळपासच पडतात, आणि युरोपच्या या भागात मक्याचे रानटी भाऊबंद नाहीत. रेपसीडचे तसे नाही. मोहरीच्या कुळातले हे पीक. त्याचे परागकण वारा आणि मधमाश्या दोघांबरोबर लांब जातात, सांडलेले बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि आसपास संकर होऊ शकेल असे रानटी नातेवाईकही असतात. म्हणजे ‘जीएम पिकाची जोखीम’ अशी एकच काही गोष्ट नसते.

प्रांताने एका तज्ज्ञाकडून अहवाल करून घेतला. तो एप्रिल २००२ चा आहे. जीएममुक्त क्षेत्रे कशी आखता येतील, कोणते पर्याय आहेत, अंमल कसा करायचा, हा त्याचा विषय. त्याच्या आधारे कायद्याचा मसुदा तयार झाला. त्यात जीएम बियाणे व लागवडीच्या साहित्यावर बंदी होतीच, शिवाय शिकार आणि मासेमारीसाठी जीएम प्राणी पैदास करण्यावर आणि सोडण्यावरही बंदी होती. असा एकही प्राणी तेव्हा युरोपात मंजूर नव्हता. कायदा किती रुंद जाळे टाकत होता, ते यावरून दिसते.

समोरचे पर्याय

कागदपत्रे पाहता चार वाटा मोकळ्या दिसतात. प्रांताने त्यांचा आत बसून कसा विचार केला हे बाहेर आलेले नाही, पण प्रत्येक वाटेची किंमत आज मांडता येते.

पहिली वाट म्हणजे केंद्र सरकार आधीपासून वापरत असलेली संरक्षक तरतूद. ती एकेका वाणापुरतीच चालते आणि तात्पुरती असते. प्रांताला हवी असलेली सरसकट बंदी तिच्यातून मिळणार नव्हती.

दुसरी, शेतकऱ्यांनी आपसांत करार करून गावे किंवा खोरी जीएममुक्त ठेवायची. याला कोणाची परवानगी लागत नाही. पण एकजण जरी बाहेर राहिला तरी करार फसतो, म्हणून राजकीयदृष्ट्या ही वाट कमकुवत.

तिसरी, बंदी न घालता सहअस्तित्वाचे, म्हणजे जीएम आणि बिगर-जीएम पिके शेजारी घेण्याचे नियम करायचे: पूर्वपरवानगी, नोंदणी, अंतर, नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची. मला ही वाट प्रांताच्या खऱ्या दुखण्याच्या सर्वांत जवळची वाटते. अडचण वेळेची होती. असे नियम करण्याचा स्पष्ट आधार २००३ च्या सुरुवातीला युरोपीय कायद्यात नव्हता. आयोगाची सहअस्तित्वाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २३ जुलै २००३ ला आली. निर्देशात त्यासाठीचे कलम २६ अ सप्टेंबर २००३ च्या नियमाने घातले गेले. मसुदा त्याच्या आधीच ब्रुसेल्सला पोहोचला होता.

चौथी वाट युरोपीय समुदायाच्या तेव्हाच्या करारातल्या कलम ९५ (५) ची. सामायिक नियम झाल्यानंतरही एखाद्या देशाला वेगळा, अधिक कडक नियम आणता येतो. पण त्यासाठी अटी आहेत. नवा शास्त्रीय पुरावा हवा. तो पर्यावरणाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या परिसराच्या संरक्षणाशी संबंधित हवा. अडचण त्या देशापुरती खास हवी. आणि ती सामायिक नियमानंतर उद्भवलेली हवी. एक जरी अट चुकली तर मागणी बाद.

काय केले गेले

ऑस्ट्रियाने चौथी वाट धरली. कलम ९५ (५) सहसा राष्ट्रीय कायद्यासाठी वापरतात. इथे देशाच्या एका भागाच्या कायद्यासाठी देशाने ते वापरले.

आयोगाकडे सहा महिने होते. तेवढ्यात निर्णय दिला नाही तर मागणी मंजूर समजली जाते. आयोगाने अहवाल युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे एफ्साकडे पाठवला. एफ्सा तेव्हा अगदी नवीन होते आणि त्याचे जीएम तज्ज्ञमंडळ नुकतेच नेमले गेले होते. ४ जुलै २००३ चा तो अभिप्राय एफ्साच्या नियतकालिकाचा पहिला अंक ठरला. नव्या संस्थेने सुरुवात करायला याहून तापलेला विषय शोधून सापडला नसता.

आयोगाने विचारलेला प्रश्न काटेकोर होता: या अहवालात मानवी आरोग्य व पर्यावरणाच्या जोखमीबाबत असा नवा शास्त्रीय पुरावा आहे का, की ज्यामुळे या प्रांतात सरसकट बंदी समर्थनीय ठरेल? मंडळाचे उत्तर नकारार्थी होते. अहवालात जीएम पिकांच्या परिणामांची नवी किंवा स्थानिक माहिती नाही. जैवविविधतेवर परिणाम झाल्याची ठोस उदाहरणे नाहीत. या भागात वेगळे जोखीम मूल्यमापन करावे लागेल अशा असाधारण परिसंस्था आहेत, हेही दाखवलेले नाही. निर्देशातल्या मूल्यमापनाच्या तरतुदींना धक्का लागेल असेही त्यात काही नाही.

त्याच अभिप्रायात मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली. सहअस्तित्वाच्या व्यवस्थापनाबद्दल आम्हाला विचारलेले नाही, पण शेतीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा प्रश्न आहे, असा तिचा आशय. अभिप्रायातले हे वाक्य मला सगळ्यांत बोलके वाटते. शास्त्रज्ञांना दिसत होते की प्रांताचा प्रश्न आणि त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न एक नाहीत.

२ सप्टेंबर २००३ रोजी आयोगाने मागणी फेटाळली. मुदत संपायला दीड आठवडा होता. कारणे तीन दिशांनी दिली होती. अहवालातले बहुतेक संदर्भ निर्देश २००१/१८ संमत होण्याआधीच उपलब्ध होते, म्हणून पुरावा ‘नवा’ नाही. लहान शेते ही काही या प्रांताचीच गोष्ट नाही, ती सगळ्या सदस्य देशांत आढळतात, म्हणून अडचण ‘खास’ नाही. आणि सहअस्तित्वाची काळजी ही पर्यावरण संरक्षणापेक्षा सामाजिक-आर्थिक स्वरूपाची आहे, म्हणून ती या कलमाच्या चौकटीत बसत नाही. त्या काळात युरोपचे शेती आयुक्त स्वतः ऑस्ट्रियाचे होते, हा या प्रकरणातला एक योगायोग.

प्रांत आणि देश दोघेही न्यायालयात गेले. त्यांचा एक आक्षेप प्रक्रियेवर होता: एफ्साचा अभिप्राय आम्हाला आधी दाखवला नाही, त्यावर बोलायची संधी दिली नाही. ५ ऑक्टोबर २००५ रोजी प्रथम न्यायालयाने दोन्ही दावे फेटाळले. मागणी करणाऱ्या देशाला आपली सगळी बाजू अर्जातच मांडता येते. ही प्रक्रिया लवकर संपावी अशी कायदा करणाऱ्यांची इच्छा आहे, म्हणून इथे वेगळी सुनावणी लागत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुरावा पक्का नसला तरी धोका टाळायला पाऊल उचलावे, या सावधगिरीच्या तत्त्वाचा आधारही उपयोगी पडला नाही. मूळ अटीच पूर्ण झालेल्या नसल्याने आयोगापुढे फेटाळण्याखेरीज मार्ग नव्हता, असा त्यावरचा निष्कर्ष. १३ सप्टेंबर २००७ रोजी सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने अपीलही फेटाळले.

निर्णयाचे क्षण

अहवाल मागवला तो क्षण. प्रांताने ‘जीएममुक्त क्षेत्र कसे करता येईल’ असे विचारले आणि अहवाल त्याचेच उत्तर घेऊन आला. पुढे त्याच अहवालाकडून ‘जीएम पिकांनी इथे कोणता अपाय होईल’ याचे उत्तर मागितले गेले. आराखडा म्हणून केलेला दस्तऐवज पुरावा म्हणून पुढे करायचा, तर तो तपासणीत टिकत नाही. एफ्साने अहवाल वाईट आहे असे म्हटले नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते, एवढेच.

बंदीचा आवाका ठरवला तो क्षण. इथे तर्कातच फट आहे. जोखीम मूल्यमापन एकेका वाणाचे होते. बंदी सगळ्या जीएम पिकांवर आणि प्राण्यांवरही हवी होती, त्यात अजून तयारही न झालेल्या वाणांचा समावेश. जे अस्तित्वात नाही, त्याच्या अपायाचा पुरावा कोण देणार? एकेक वाण तपासणाऱ्या पद्धतीतून सरसकट बंदीला आधार मिळणे मुळातच शक्य नव्हते, मग शास्त्र कितीही चांगले असो. शिवाय प्रांतात जीएम पिकाची लागवडच होत नव्हती. शेत नाही, म्हणून स्थानिक निरीक्षण नाही. निरीक्षण नाही, म्हणून पुरावा नाही. आणि पुरावा नाही, म्हणून शेत अडवता येत नाही. यात प्रांताची गैरसोय खरी होती. पण कलम ९५ (५) तिची दखल घेत नाही.

वेळेचाही मुद्दा आहे. सामायिक नियमाच्या आधीपासून असलेला राष्ट्रीय कायदा टिकवायचा असेल, तर कलम ९५ (४) लागू होते. त्यात नव्या शास्त्रीय पुराव्याची अट नाही. डेन्मार्कच्या एका प्रकरणात न्यायालयाने हा फरक मार्च २००३ मध्ये स्पष्ट केला. नवा कायदा आणणाऱ्याला जास्त कडक कसोटी, कारण अशा कायद्याने सामायिक नियमाला धक्का लागण्याची शक्यता जास्त, आणि तो नियम करताना हा कायदा विचारात घेणे शक्यच नव्हते. अप्पर ऑस्ट्रिया कडक बाजूला पडली.

आयोगाने प्रश्न ठरवला तो क्षण. एफ्साला सहअस्तित्वाबद्दल विचारले नाही, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. कलमाला ते लागत नव्हते. पण त्यामुळे प्रांताच्या खऱ्या तक्रारीवर कोणत्याही शास्त्रीय मंडळाने मत दिलेच नाही. आयोगाने त्याला ‘सामाजिक-आर्थिक’ म्हणून बाजूला ठेवले, तज्ज्ञमंडळाने ‘आम्हाला विचारलेले नाही’ म्हणून.

वेगळे काय करता आले असते

प्रांताने एकच पीक निवडायला हवे होते, आणि माझ्या मते ते रेपसीड. रस्त्याकडेला उगवणाऱ्या रेपसीडचे ठिकाणांसह सर्वेक्षण, रानटी नातेवाइकांशी संकराची चाचणी, आल्प्सच्या पायथ्याच्या कुरणांतली वनस्पतींची यादी, मधमाश्यांच्या फिरतीचा पल्ला: ही माहिती जीएम शेत नसतानाही गोळा करता येते, कारण साधे रेपसीडही तसेच पसरते. तरीही मागणी मंजूर झाली असतीच असे नाही. पण ‘या परिसराबद्दल नवे काही नाही’ हा शेरा एवढ्या सहज मारता आला नसता.

आयोगाने अभिप्राय निर्णयाआधी ऑस्ट्रियाला दाखवायला हरकत नव्हती. न्यायालयाने सांगितले की ते बंधनकारक नाही. बंधनकारक नसलेली प्रत्येक गोष्ट टाळलीच पाहिजे असे थोडेच आहे! दोन आठवड्यांची मुदत दिली असती, तर चार वर्षांच्या खटल्यातला एक मुद्दा कमी झाला असता.

एफ्साबद्दल मात्र मला वेगळे मत द्यावेसे वाटत नाही. तिथे ज्यांनी ‘शास्त्राने राजकारण केले’ असा आरोप केला, त्यांनी प्रश्न नीट वाचला नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि न विचारलेला प्रश्न कोणता तेही नोंदवले, याहून जास्त शास्त्रीय मंडळाने काय करायचे?

निकाल आणि त्यानंतर

खटला हरलेला प्रांत स्वस्थ बसला नाही. २००३ मध्येच त्याने इटलीच्या टस्कनीबरोबर जीएममुक्त प्रदेशांचे युरोपीय जाळे उभे करण्यात पुढाकार घेतला. २००५ मध्ये या प्रदेशांनी फ्लॉरेन्समध्ये सहअस्तित्वाबाबतची सनद स्वीकारली. घरच्या आघाडीवर २००६ मध्ये प्रांताने जीएम खबरदारीचा कायदा केला. त्यात सरसकट बंदी नाही, परवानगी आणि अटी आहेत. तीन वर्षांपूर्वी जी वाट सोडली होती, त्याच तिसऱ्या वाटेवर प्रांत आला.

दरम्यान, राष्ट्रीय संरक्षक बंद्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्याबाबतही एफ्साने २००४ मध्ये नवा पुरावा नाही असेच म्हटले होते. त्या उठवण्याचा प्रस्ताव आयोगाने २००५, २००६ आणि २००९ मध्ये सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेपुढे ठेवला आणि दर वेळी मंत्र्यांनी मोठ्या बहुमताने तो नाकारला. शास्त्रीय अभिप्राय तोच, फक्त निर्णय घेणारे वेगळे.

मदेरा बेटांचे प्रकरण आणखी बोलके आहे. पोर्तुगालने २००९ मध्ये या बेटांसाठी तशीच सरसकट बंदी कळवली. तिथल्या लॉरेल जंगलांना जागतिक वारशाचा दर्जा आहे, त्यामुळे ‘खास परिसर’ हा मुद्दा अप्पर ऑस्ट्रियापेक्षा कितीतरी भक्कम होता. तरीही एफ्साने नवा शास्त्रीय पुरावा नाही असाच अभिप्राय दिला. या वेळी आयोगाने मे २०१० मध्ये मुदत संपेपर्यंत निर्णयच दिला नाही. मुदत संपली आणि बंदी मंजूर समजली गेली. २००३ मध्ये मुदतीच्या आत नकार आणि २०१० मध्ये मौन, यातला फरक शास्त्रात शोधून सापडत नाही.

शेवटी कायदाच बदलला. मार्च २०१५ च्या निर्देश २०१५/४१२ ने सदस्य देशांना जीएम लागवड आपल्या संपूर्ण किंवा काही भूभागापुरती थांबवण्याची मुभा दिली. कारणांच्या यादीत नगररचना, जमिनीचा वापर, सामाजिक-आर्थिक परिणाम, इतर मालात जीएम अंश येऊ न देणे, शेती धोरण आणि सार्वजनिक सुव्यवस्था आहेत. अट अशी की ही कारणे एफ्साच्या पर्यावरणीय जोखीम मूल्यमापनाशी भिडता कामा नयेत. बारा वर्षांपूर्वी ‘सामाजिक-आर्थिक’ म्हणून जी तक्रार दाराबाहेर ठेवली होती, तिच्यासाठी वेगळे दार करून दिले गेले.

आधीच मंजूर असलेल्या वाणासाठी तर त्याहून सोपी संक्रमणकालीन सोय होती. देशाने ३ ऑक्टोबर २०१५ पर्यंत कळवायचे, आणि मंजुरीधारक कंपनीने ३० दिवसांत हरकत घेतली नाही तर मंजुरीची भौगोलिक व्याप्ती कमी होते. कारणही द्यावे लागत नाही. १७ देश आणि ४ प्रदेशांनी, म्हणजे बेल्जियमचा वालोनिया आणि ब्रिटनमधले स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांनी ही सोय वापरली. ३ मार्च २०१६ च्या आयोगाच्या निर्णयाने एमओएन ८१० मक्याची लागवड या भूभागांतून वगळली गेली. त्यात ऑस्ट्रिया आहे.

सीमेपलीकडून येणारे परागकण या वगळण्याने थांबत नाहीत. चेक प्रजासत्ताकात एमओएन ८१० ची लागवड २००५ पासून होत होती. म्हणून २०१५ च्याच निर्देशात आणखी एक कलम आहे: जीएम लागवड होणाऱ्या देशांनी ३ एप्रिल २०१७ पासून सीमाभागात उपाय करायचे, म्हणजे बंदी असलेल्या शेजारी देशात जीएम अंश जाणार नाही. उपाय म्हणजे नेमके किती मीटर, हे कलम सांगत नाही. ते ज्या त्या देशावर सोडलेले आहे.